कुरडईवरचं जाळं

कादंबरीत कुणी मासे साफ करत नाही. निदान मी पोरवयात वाचल्या त्यांत तरी नाही. नायिका पहाटे उठते, न्हाते, ओल्या केसांची गाठ मारून चुलीपुढे बसते आणि घडीच्या पोळ्या करते. तिच्या बोटांना खवले चिकटत नाहीत, तिला हात चिंचेने घासावे लागत नाहीत. तिच्या हातचं कुणीतरी न बोलता जेवतो, आणि त्यावरून त्याचं तिच्यावर प्रेम आहे हे आपण ओळखायचं असतं. आमच्या धाकट्या डहाणूत कुणी न बोलता जेवायला लागलं की घशात काटा अडकला असं समजून आई त्याच्यापुढे कोरड्या भाताचा गोळा धरायची.

हे आज मी चिडून लिहिते आहे. तेव्हा, म्हणजे पन्नासची सालं संपत आली होती त्या सुमाराला, मी या कादंबऱ्यांवर जीव टाकत होते. मी चौदा-पंधरा वर्षांची होते. बाप बोटीवर, आई टोपली घेऊन खाडीपलीकडे डहाणूच्या गल्ल्यांत, आणि मी शाळेतून आले की पुस्तकात. त्या पुस्तकांतली माणसं सगळी पुण्याकडची. ती काय खातात ते मी कधी पाहिलेलं नव्हतं, चाखलेलं तर नव्हतंच. मग मी ते करून बघायला लागले.

पहिलं केलं ते अळू. एका कादंबरीत मुंजीच्या पंगतीत अळूची भाजी वाढतात आणि तिचा ओघळ कुणाच्या तरी रेशमी सोवळ्यावर जातो. दोन पानं त्या ओघळावर होती. भाजीत चिंच घालायची असते, नाहीतर घसा खाजतो, हे एका ओळीत सांगायला लेखकाला सवड झाली नव्हती. त्यालाही ते माहीत नसावं. आमच्या विहिरीच्या कडेला अळू माजलेलं होतं. मी ते कापलं, शिजवलं, गूळ घातला, शेंगदाणे घातले आणि बापाला वाढलं. बाप दोन दिवस बोटीवर खाकरत होता. परत आल्यावर पुढे वर्षभर तो ताटातली हिरवी वस्तू आधी आईला खायला लावायचा.

नंतर साखरभात. केशर कुठून आणणार? मी हळद घातली. रंग सुरेख आला. चव मात्र हळद लावलेल्या नवरीचा हात चाटावा तशी. आईने एक घास घेतला आणि उरलेलं पातेलं उचलून दाराबाहेर ओतलं.

"भातात साकर?" ती म्हणाली. "डोकं नासलं गो तुझं. त्या बुकातल्या बायांना सांग, एक दिस या नि माझी टोपली उचला. मंग खावा साकर."

आईचं आणि माझं पटत नव्हतं, हे सरळ सांगून टाकते. मला तिची लाज वाटायची. शाळेच्या रस्त्याने ती टोपली घेऊन येताना दिसली की मी पलीकडच्या बाजूला जायची. तिला ते कळत होतं. म्हणून ती नेमकी तिथेच, माझ्या मैत्रिणींसमोर, आणखी मोठ्याने ओरडायची: "बोंबील घ्या, बोंबील!" आमच्या दोघींत त्या वर्षी जेवढं बोलणं झालं त्यातलं अर्धं असं रस्त्यावरून झालं.

पुस्तकं मला मिळत ती शाळेतल्या बाईंच्या नावावर. बाई साताऱ्याकडच्या, एकट्या, डहाणूत एका खोलीत राहायच्या. त्यांनी डहाणूच्या वाचनालयात नाव घातलं होतं आणि त्यांच्या नावावर मी पुस्तकं वाचत होते. देवघेवीला मीच जायची. तिथे टेबलामागे चिटणीस बसत. वाचनालयाचे ते सर्वेसर्वा होते. बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध, आणि घरात कांदासुद्धा शिजत नाही अशी ख्याती. मी पुस्तक टेबलावर ठेवलं की ते दोन बोटांनी उचलायचे, मधोमध उघडायचे आणि नाकाला लावायचे. वाचायला नव्हे, हुंगायला. मग इतर लोकांकडे बघून म्हणायचे, "बाईंना सांग, पुस्तक उन्हात ठेवून मग पाठवत जा." ते पुस्तक ते कपाटात ठेवत नसत. खिडकीच्या कट्ट्यावर वेगळं ठेवत. हा माणूस उभं आयुष्य नाकाने कांदे सोलत आला होता, आणि माझ्या वेळेला त्याला खास चेव यायचा.

मी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ लागले. त्यांनी वर्तमानपत्र हुंगलं.

मला खरंच कळत नव्हतं ते काय हुंगतात. घरी येऊन मी पुस्तकाच्या पानांत तोंड खुपसून श्वास घ्यायची. कागदाचा वास यायचा, शाईचा, क्वचित कुणाच्या तरी तपकिरीचा. बोंबलाचा वास कसा असतो हे मला विचारलं असतं तर मी सांगू शकले नसते. आमच्या दारापुढून थेट किनाऱ्यापर्यंत बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगलेले असत, दिवाळीपासून पावसापर्यंत, आणि मी त्यांच्याखालून वाकून शाळेला जायची.

त्या वर्षी मार्चमध्ये बाईंनी सांगितलं की मे अखेर त्यांची बदली होते आहे, साताऱ्याकडे. त्यांना आनंद झाला होता. माझ्या पायाखालची वाळू सरकली. बाई गेल्या की त्यांचं नाव जाणार, आणि नाव गेलं की पुस्तकं बंद. मला माझ्या नावावर सभासद व्हायला हवं होतं. बाईंनी स्वतः अर्ज लिहून दिला. खाली चिटणिसांच्या सहीची रेघ होती. मी अर्ज नेला. त्यांनी तो वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"सभासद व्हायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण मुली, पुस्तकं सार्वजनिक आहेत. तुझ्यानंतर ती दुसऱ्यांच्या घरात जातात. देवघरं असतात त्या घरांत."

मी बाईंच्या खोलीवर जाऊन रडले. बाईंनी मला रडू दिलं आणि मग युक्ती काढली. चिटणिसांची एक लाडकी कादंबरी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तिच्याबद्दल सांगत. तिच्यात नवरा परागंदा झालेली एक बाई दर उन्हाळ्यात अंगणात कुरडया घालते, आणि तो बारा वर्षांनी दारात उभा राहतो तेव्हा एक शब्द न बोलता त्याला कुरडया तळून वाढते. त्या पानावर आपले डोळे भरून येतात, असं चिटणीस स्वतःच सांगत.

"तू कुरडया कर," बाई म्हणाल्या. "मी त्यांना माझ्याकडे चहाला बोलावते. तुझ्या हातचं खाऊन, त्यांच्याच कादंबरीतलं, मग बघू कसे नाही म्हणतात."

ज्याचे डोळे कागदावरच्या कुरडईने भरतात तो खऱ्या कुरडईपुढे विरघळेल, असं मला वाटलं. मला आता त्या मुलीचा राग येतो.

कुरडई कशी करतात ते कादंबरीत नव्हतं. बाईंना माहीत होतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा. तो रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि मीठ-हिंग घातलेल्या उकळत्या पाण्यात ढवळत शिजवायचा. गरम आहे तोवर सोऱ्यातून गोल गोल घालायचा. बाईंनी आपला पितळी सोऱ्या मला दिला. गहू आमच्या घरात सणालाच यायचे. ते मी बाजारातल्या गुजराती शेठकडून आणले आणि शेठने विचारलं, "घेर कोई मांदु छे?" घरी कुणी आजारी आहे का.

आई तीन दिवस त्या भिजलेल्या गव्हाकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला तेव्हा तिने नाक मुरडलं. "सडवलेस," म्हणाली. हिला हा वास येत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि गंमत वाटली.

मी फार जपून काम केलं. हात साबणाने धुतले, चिंचेने धुतले, परत साबणाने धुतले. अंगणातली चटई जवळा, ती बारीक कोलंबी, सुकवायची होती म्हणून ती राखेने घासली, कढत पाणी ओतलं, दोन दिवस उन्हात टाकली. तिच्यावर आईचं धुवट लुगडं चौघडी करून अंथरलं. त्यावर पहाटेच कुरडया घातल्या. पांढऱ्याशुभ्र, कडेला नाजूक, कादंबरीत होत्या तशाच. मी दहा वेळा मागे जाऊन त्या लांबून पाहिल्या.

त्या दिवशी शाळा होती. कावळे कोण राखणार? मी शाळा बुडवायला निघाले तर आई म्हणाली, "जा तू. बसते मी."

"तू? तुझी टोपली?"

"एक दिस नाय गेली तर काय डहाणू मरनार हाय?"

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. पण ती खरंच बसली. उन्हात पडलेली वस्तू आईला परकी वाटत नसे, मग ती बुकातली असो की बोटीतली. संध्याकाळी मी आले तेव्हा तिने दोनदा सगळ्या कुरडया उलटून ठेवल्या होत्या. एक मोडून मला दाखवली: "भायेर सुकली, आत वली हाय. दव पडायच्या आत उचल. उद्या अजून एक ऊन दे." तिचं बरोबर होतं. दुसऱ्या उन्हात त्या खणखणीत झाल्या.

आणि त्या दोन्ही दिवशी कुरडयांवर जाळं होतं. आमच्याकडे वाळत घातलेल्या कशावरही जाळं टाकतात. मिरच्यांवर, चिंचेवर, पापडांवर. कावळ्याचा पाय अडकतो, तो पुन्हा येत नाही. आईने त्यासाठी फाटकं जाळं घेतलं नाही, बापाच्या सामानातलं चांगलं, घट्ट विणीचं जाळं काढलं, झटकलं आणि कुरडयांवर पसरलं, कडेला दगड ठेवले. मी ते पाहिलं. माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही. चटईचा विचार केला, लुगड्याचा केला, हातांचा केला. जाळं माझ्या दृष्टीने आकाशासारखं होतं, असायचंच. ओल्या चिकाने दोन दिवस त्या जाळ्याखाली जे काही ओढून घ्यायचं ते घेतलं.

बाईंच्या खोलीत रविवारी दुपारी चिटणीस आले. खुर्चीवर बसले. मी स्टोव्ह पेटवून तेल तापवलं आणि एक कुरडई सोडली. ती फुलली. एवढीशी वस्तू झाऱ्याबाहेर पसरली. बाई म्हणाल्या, "पाहा हं, तुमच्या कादंबरीतली." चिटणीस म्हणाले, "वा वा वा!" आणि ते पान तोंडपाठ म्हणायला लागले. मी ताटली पुढे केली. अर्ज बाईंच्या टेबलावर दौतीखाली ठेवला होता. चिटणिसांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, दोनदा चावला.

मग त्यांचं तोंड थांबलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला आणि घास त्यात घेतला.

"कुठे वाळवल्यास?"

"अंगणात."

"कशावर?"

"लुगड्यावर. धुतलेल्या."

"आणि वर काय होतं?"

मी अभिमानाने सांगितलं, "जाळं. कावळे येऊ नयेत म्हणून."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खूश झाले. बाईंकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? मी काही द्वेषाने बोलत नाही." बाईंच्या हातात एक तुकडा होता. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि परत ताटलीत ठेवला. मग खिडकीबाहेर पाहू लागल्या. चिटणिसांचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं, पण बाईंचं ते तोंड फिरवणं मला सहन झालं नाही. त्यांना मी जीव लावला होता.

मी खाली बसले आणि ती ताटली संपवली. सगळी. तेल निथळणारा शेवटचा तुकडासुद्धा. मला कसलाही वास आला नाही. कुरडई उत्तम झाली होती, हे मी कुठेही शपथेवर सांगितलं असतं. चिटणीस छत्री घेऊन निघून गेले. अर्ज दौतीखाली तसाच राहिला.

तो अर्ज घेऊन मी घरी आले तेव्हा आई अंगणात मासे साफ करत बसली होती. मी तिच्यापुढे उभी राहून जे तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या जाळ्याने माझी पुस्तकं घेतली. तुझ्यामुळे मला वास येतो. तुला कुणी सांगितलं होतं राखायला? मला उद्यापासून तुझी पोरगी म्हणू नकोस. हे शेवटचं वाक्य मी कुठल्यातरी कादंबरीतून उचललेलं होतं, पण त्या क्षणी ते माझंच होतं आणि मी ते मनापासून म्हटलं.

आईची सुरी चालू होती. "कोन म्हनाला वास येते?"

मी सांगितलं. सुरी थांबली.

"तो? कुरडई थुकला? तो?"

आणि ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. हात लुगड्याला पुसून तिने पुढे केला. "कागद दे."

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यापेक्षा लवकर परत आली. टोपलीच्या तळाशी पळसाच्या पानात घडी करून अर्ज ठेवलेला होता. खालच्या रेघेवर चिटणिसांची सही होती, लपेटीची, शाई थोडी फुटलेली.

मला काही कळेना. मी आईबरोबर फेरीला कधी गेले नव्हते, लाज वाटायची म्हणून. गेले असते तर मला माहीत असतं. डहाणूत काही घरं अशी होती की त्यांच्यापुढून जाताना आमच्या बायका आरोळी देत नसत. गुपचूप वळसा घालून विहिरीकडच्या दारी टोपली उतरवत. एकादशी, सोमवार, श्रावण टाळून. त्या दारी कुणी मोठ्याने बोलत नसे आणि तिथे काय घेतलं हे कुणी बाहेर सांगत नसे. चिटणिसांचं घर त्यांतलं एक होतं. मी शाळेत जायला लागले त्याच्या आधीपासून आई तिथे सुके बोंबील आणि सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, देत होती.

"टोपली उतरवली," आईने सांगितलं. "बायको आली त्याची. मी फडकं काढलं नाय. कागद फुडे केला, म्हटलं, आधी यावर सही. ती आत गेली. आत दोघं भांडली थोडी. सही आली. मंग फडकं काढलं. रोजच्यासारके बोंबील घेतले. आनि सोडे."

मी हसायला हवं होतं. तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या अंगाची आग झाली. तो रोज माझं पुस्तक हुंगत होता. त्याला तो वास ओळखता येत होता, कारण तो त्याच्या घरात शिजत होता!

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "मला का नाही सांगितलंस? मी सगळ्यांसमोर त्याला..."

"म्हनून नाय सांगितलं. मागच्या दारचं मागच्या दारी ऱ्हाते. आज त्याचं नाव काढलंस तर उद्या माज्यासाठी एक दार उघडनार नाय. मंग खा तुजी बुकं."

तेव्हापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. बाई गेल्या. मी माझ्या नावावर पुस्तकं आणू लागले. आणि चिटणीस हुंगत राहिले. पूर्वीपेक्षा जास्त. पूर्वी मधोमध हुंगायचे, आता दोन ठिकाणी. माझ्याकडून त्यांना धोका होता आणि मी बोलणार नाही हेही त्यांना माहीत होतं, म्हणून ते असं वागत. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे मी रोज टेबलापलीकडून बघत होते. एकदा मात्र माझा ताबा सुटला. वाचनालय भरलेलं होतं. त्यांनी पुस्तक नाकाला लावलं आणि मी मोठ्याने विचारलं, "ओळखीचा वाटतो का वास?"

कुणीतरी हसलं. चिटणिसांचा चेहरा लाल झाला. मी पुस्तक बदलून ताठ मानेने बाहेर पडले, खाडी ओलांडताना होडीत एकटीच हसत होते.

त्या आठवड्यात चिटणिसांचं मागचं दार आईला बंद मिळालं. शेजारच्या दोन घरांचंही. तिसऱ्या दिवशी ती तशीच भरली टोपली घेऊन परत आली, ती टोपली माझ्यापुढे ठेवली आणि माझ्या थोबाडीत मारली. तिने मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. मी रडले नाही. मी तिच्याकडे रागाने बघत राहिले आणि तीही माझ्याकडे. ती दारं पुन्हा उघडली नाहीत. तिला पुढे उन्हातून चालत चिंचणीपर्यंत फेरी करावी लागली.

त्या पुस्तकांच्या जोरावर मी फायनलची परीक्षा पास झाले, आणि साठ साल उलटल्यावर तलासरीकडे एका पाड्यावरच्या शाळेत मला नोकरी लागली. जूनमध्ये मी गेले. पावसात ओढे भरले की तिकडून निघता येत नसे. माझ्याबरोबर एक दुसरी शिक्षिका होती, पुण्याची, शाकाहारी. आम्ही एकाच चुलीवर स्वयंपाक करायचो. तिच्या हाताखाली मी अळूची भाजी शिकले, चिंच घालून. साखरभात शिकले, तिच्याकडच्या चार काड्या केशर घालून. कादंबऱ्यांत वाचलेलं सगळं मला आता करता येत होतं आणि ते सगळं कादंबरीतल्यापेक्षा बेताचंच होतं. पण मी ते रोज खाल्लं. मासा पाच महिने तोंडाला लावला नाही आणि त्याचं मला काही वाटलंही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी निघाले. डहाणूपर्यंत बस, मग होडी. आमच्या बाजूला उतरले आणि मला वाटलं काहीतरी कुजलं आहे. मेलेलं कुत्रं असेल म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं. माझ्याबरोबर उतरलेल्या बायका गप्पा मारत पुढे गेल्या. मी पदर नाकाला लावला. चार पावलं गेल्यावर मांडव दिसले, हंगामातले पहिले बोंबील टांगलेले, आणि मग मला कळलं. मी पदर खाली घेतला.

आईने आल्या आल्या मला पाट दिला. चुलीवर तेल तापलेलं होतं. तिने डब्यातून काहीतरी काढून त्यात सोडलं आणि ते फुललं.

कुरडई. उन्हाळ्यात, मी नोकरीच्या खटपटीत असताना, तिने गुपचूप गहू भिजवून घातल्या होत्या. चीक बरोबर निघाला होता. माझ्यापेक्षा बारीक, सुबक घातल्या होत्या. अर्थात जाळ्याखाली वाळवल्या होत्या. दुसरं काय टाकणार?

"खा," ती म्हणाली. "तुज्या बुकातली."

मी तुकडा मोडून तोंडात टाकला. गरम तेलातून तो वास वर आला आणि थेट घशात गेला. त्या रविवारी चिटणिसांना आला असेल तोच. म्हणजे वास होता. तो माणूस ढोंगी होता, नीच होता, त्याला मी आजही क्षमा केलेली नाही, पण वासाबद्दल तो खोटं बोलला नव्हता. बाईसुद्धा नाही. मी दोनदा चावलं आणि माझं तोंड थांबलं. एक क्षणच असेल. मी लगेच गिळलं, दुसरा तुकडा घेतला, "छान झाली," असंही म्हटलं.

आई झारा हातात धरून माझ्याकडे बघत होती. सबंध आयुष्य तिने गिऱ्हाइकांचे चेहरे वाचण्यात घालवलं होतं.

"आला वाटते," ती म्हणाली.

"काय?"

तिने माझ्यापुढची ताटली उचलली, चुलीवरचं तेल उतरवलं आणि मला दूधभात वाढला, वर साखर घालून.